विद्यापीठाचा उकिरडा

विद्यापीठाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकारांचीं नांवें देतात, देणग्यांचे आंकडे देतात, कोणत्या राजानें किंवा राणीनें कोणतें कॉलेज कोणत्या सालीं स्थापिलें तें सांगतात. पण जेथें शेंकडों वर्षें हजारों माणसें जेवलीं, झोंपलीं, दिवा लावून वाचीत बसलीं, तेथील राख, खरकटें, मैला, फाटकीं पुस्तकें आणि लिहून टाकलेले कागद यांचें झालें काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज श्रोत्यांपुढें मी तोच मांडणार आहें. विषय थोडा ओंगळ आहे खरा. परंतु ज्याला घरांतील मोरी ठाऊक नाहीं त्याला घर ठाऊक आहे असें कोण म्हणेल? उदाहरणासाठीं मीं केंब्रिज निवडलें आहे, कारण तेथील कचऱ्याची हकीकत साडेसातशें वर्षांची असून ती बरीचशी कागदोपत्रीं सांपडते.

केंब्रिज हें कॅम नदीच्या कांठचें, सखल आणि पाणथळ प्रदेशाच्या तोंडाशीं वसलेलें गांव. १२०९ सालीं ऑक्सफर्डमधील तंट्यामुळें तेथून निघालेले कांहीं अध्यापक व विद्यार्थी येथें येऊन राहिले आणि विद्यापीठाचा आरंभ झाला. पुढें तिसऱ्या हेन्री राजानें गांवाच्या रक्षणासाठीं एक खंदक खोल करविला. त्याला ‘किंग्ज डिच’ म्हणजे राजाचा खंदक म्हणत. नदीपासून निघून, पुढें जेथें पेंब्रोक आणि सिडनी ससेक्स हीं कॉलेजें उभीं राहिलीं त्या बाजूनें वळसा घेऊन, तो मॉडलिन कॉलेजासमोर पुन्हां नदीला मिळे. या खंदकांत शत्रूपेक्षां कचराच अधिक अडला. १२६८ मध्यें राजाला हुकूम काढून गांव स्वच्छ ठेवावें आणि पाण्याचे मार्ग मोकळे ठेवावे असें बजवावें लागलें. खाटिकांनीं आंतडीं टाकावीं, घरमालकांनीं शौचकूप त्यांत सोडावे, आणि जें कोणालाच नको तें रात्रीं कोणी तरी त्यांत ढकलावें, असा परिपाठ पडला. दोष केवळ माणसांचा नव्हता. खंदकाला उतारच नव्हता. दोन्ही तोंडें एकाच संथ नदीला मिळालेलीं, मग मधलें पाणी हालावें कशानें? पडलें तें तेथेंच कुजत राही.

सप्टेंबर १३८८ मध्यें दुसऱ्या रिचर्डची पार्लमेंट लंडन सोडून केंब्रिजजवळ बार्नवेलच्या मठांत भरली. त्या बैठकींत झालेला एक कायदा इंग्लंडांत सबंध देशाला लागू केलेला नगर-स्वच्छतेचा पहिला कायदा समजला जातो. शहरांजवळच्या खंदकांत, नद्यांत आणि इतर पाण्यांत उकिरडा व जनावरांचीं आंतडीं टाकल्यानें हवा बिघडून रोग उद्भवतात, सबब ज्यानें टाकलें त्यानें तें उचलून न्यावें, न नेल्यास २० पौंड दंड भरावा, असा त्याचा आशय. त्या काळीं २० पौंड म्हणजे साध्या मजुराची कित्येक वर्षांची कमाई. कायदा साऱ्या देशासाठीं होता. तरी कांहीं आठवडे त्या गांवांत मुक्काम केलेल्या सभासदांच्या नाकांचा त्यांत कांहींच वाटा नसेल असें मला वाटत नाहीं. राजधानींत बसून जें कागदावर वाचावयाचें तें त्यांना येथें खिडकी उघडतांच कळत होतें!

कायदा झाला, खंदक होता तसाच राहिला. दंडानें माणूस अडवितां येतो, उतार निर्माण करतां येत नाहीं. हें ज्याच्या नीट ध्यानांत आलें तो अँड्र्यू पर्न हा पीटरहाउस कॉलेजचा प्रमुख. गृहस्थ मोठा धोरणी. राजाराणींबरोबर राज्याचा धर्म जितक्या वेळां पालटला तितक्या वेळां त्याचाही पालटला. एका देवळाच्या वातकुक्कुटावरील ‘ए. पी.’ हीं अक्षरें त्याच्याच नांवाचीं, आणि वारा वाहील त्याप्रमाणें तीं पेपिस्ट, प्रॉटेस्टंट किंवा प्युरिटन अशीं वाचावीं, अशी थट्टा लोक करीत. पण पाण्याच्या बाबतींत त्याची बुद्धि स्थिर होती. १५७४ सालीं गांवांत प्लेग असतां, तो त्या वेळीं कुलगुरु होता, त्यानें विद्यापीठाचे कुलपति लॉर्ड बर्ली यांस पत्र लिहून सुचविलें कीं, दक्षिणेकडील ट्रम्पिंग्टनच्या बाजूचें वाहतें पाणी आणून या खंदकांत सोडावें, म्हणजे तो नेहमीं धुतला जाईल. सूचना बरोबर होती. ती अमलांत येण्यास ३६ वर्षें लागलीं.

१६१० मध्यें जमीनदार, विद्यापीठ आणि गांव या तिघांत करार होऊन ‘नाइन वेल्स’ नांवाच्या झऱ्यांपासून एक पाट खणण्यांत आला. १६१४ मध्यें त्याची शाखा बाजारांतील कारंज्यापर्यंत नेली. म्हणजे केंब्रिजला आधीं घाण धुण्याचें पाणी मिळालें आणि मागाहून पिण्याचें! पाटाला नांव पडलें ‘हॉब्सन्स कॉन्डुइट’. टॉमस हॉब्सन हा केंब्रिज-लंडन मार्गावरचा गाडीवान आणि घोडे भाड्यानें देणारा. तबेल्यांतील दाराजवळचा घोडा असेल तोच घ्यावयाचा, नाहीं तर चालूं लागा, हा त्याचा विद्यार्थ्यांना दिलेला निर्णय. त्यावरून निवड नसलेल्या निवडीला इंग्रजींत त्याचें नांव चिकटलें. हा पाट त्याच्या एकट्याच्या पैशानें झालेला नाहीं. पण त्याच्या देखभालीची तरतूद त्यानें मृत्युपत्रांत केली, आणि लोकांनीं खणणाऱ्यापेक्षां राखणाऱ्याचें नांव लक्षांत ठेवलें, हें मला तरी योग्य वाटतें. १६३१ मध्यें तो वारला तेव्हां क्राइस्ट्स कॉलेजांतील एका विद्यार्थ्यानें त्याच्यावर दोन विनोदी कविता लिहिल्या. त्या विद्यार्थ्याचें नांव जॉन मिल्टन. बाजारांतील कारंजें १८५६ मध्यें उचलून लेन्सफील्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर नेलें, तें तेथें आहे. आणि ट्रम्पिंग्टन रस्त्याच्या दोन्ही कडांनीं अजून त्या पाटाचें पाणी उघड्या पन्हळींतून वाहतें.

आतां खंदक सोडून कॉलेजाच्या दारांतून आंत जाऊं. येथें कचरा म्हणून फारसें कांहीं उरतच नसे. विद्यार्थ्याच्या खोलींत उरलेला पाव, मांस, दारू, मेणबत्त्यांचीं थोटकें, टाकून दिलेले कपडे यांवर तेथील नोकरांचा हक्क समजला जाई, आणि त्यांच्या तुटपुंज्या वेतनांत हा हक्क धरलेला असे. पुरुष नोकराला तेथें ‘जिप’ म्हणत. हा शब्द ग्रीकमधील गिधाडवाचक शब्दावरून आला असें विद्यार्थी सांगत. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, पण तीन मेणबत्त्या आणून अर्ध्याच जळलेल्या पाहिल्या म्हणजे ती सुचणें साहजिक आहे. आपल्याकडील बोहारीण जशी जुन्या लुगड्याचें मोल जाणते, तसें या मंडळींना प्रत्येक थोटकाचें मोल ठाऊक होतें. ज्याला आपण आज पुनरुपयोग म्हणतों तो त्या वेळीं सद्गुण नव्हता. तो गरिबाचा पगार होता.

पुस्तकांचीही तीच गत. १५३० नंतरच्या दशकांत आठव्या हेन्रीनें मठ मोडले, जुन्या पूजाविधींचे ग्रंथ निकामी ठरले, आणि चर्मपत्रावरील शेंकडों पोथ्या बुकबाइंडरांच्या हातीं गेल्या. चर्मपत्र चिवट, नव्या छापील पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आंतून चिकटविण्यास किंवा पाठीला आधार देण्यास तें उत्तम. आज जुन्या ग्रंथालयांत एखाद्या सोळाव्या शतकांतील पुस्तकाची बांधणी उसवली तर आंतून त्याहून कित्येक शतकें जुन्या पोथीचें पान निघतें. ज्ञानाच्या दृष्टीनें हा संहारच. पण जीं पानें वांचलीं तीं कचरा ठरल्यामुळेंच वांचलीं, हेंही विसरतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत वस्ती वाढली, पाण्यानें धुतले जाणारे शौचकूप आले, आणि पूर्वीं जो मैला शेतावर जाई तो नळांतून सरळ कॅम नदींत जाऊं लागला. १८४९ मध्यें विल्यम रेंजर या निरीक्षकानें आरोग्य मंडळाला केंब्रिजविषयीं सविस्तर अहवाल दिला. तरीही खर्चाचा वाटा विद्यापीठानें किती आणि गांवानें किती उचलावयाचा, या वादांत दशकें गेलीं. एक आख्यायिका सांगतात कीं, व्हिक्टोरिया राणीनें पुलावरून जातांना ट्रिनिटीचे प्रमुख डॉ. व्ह्यूएल यांना, पाण्यावर हे कागदाचे तुकडे कसले तरंगत आहेत, असें विचारलें. डॉक्टरांनीं गंभीरपणें उत्तर दिलें कीं, येथें पोहण्याची मनाई आहे अशा त्या सूचना आहेत. गोष्ट घडलेलीच असेल असें नाहीं. मात्र ती ज्या नदीविषयीं सांगितली गेली ती नदी खरी होती.

अखेर १८९४ मध्यें नदीकांठीं चेडर्स लेन येथें पंपघर उभें राहिलें. त्याची योजना सांगण्यासारखी आहे. गांवांतील व कॉलेजांतील मैला भूमिगत नळांतून उतारानें या सखल जागीं येई. तेथून तो उत्तरेस मिल्टन गांवच्या मैला-शेतापर्यंत वर चढवून ढकलावयाचा. त्यासाठीं वाफेचीं दोन मोठीं यंत्रें बसविलीं, आणि ती वाफ करण्यासाठीं भट्टींत जाळीत गांवचा केर! त्या काळीं प्रत्येक खोलींत कोळशाची शेगडी असे आणि राखेंत अर्धवट जळलेला कोळसा बराच राही, त्यामुळें केर चांगला पेटे. एका घाणीनें दुसरी घाण वाहून न्यावी, हा हिशेब मला पर्नच्या पाटाइतकाच सुंदर वाटतो. पुढें काम वाढलें तेव्हां १९०९ मध्यें गॅसवर चालणारीं एंजिनें जोडावीं लागलीं. १९६८ मध्यें हें पंपघर बंद झालें. इमारत आतां यंत्रविद्येचें संग्रहालय आहे. त्या गांवांत आज केराच्या पेट्या तीन रंगांच्या: पुनरुपयोगाच्या वस्तूंसाठीं निळी, कुजणाऱ्या पदार्थांसाठीं हिरवी आणि बाकी साऱ्यासाठीं काळी.

पंपघर सुरू होऊन दोन वर्षें झालीं होतीं तेव्हां, १८९६ मध्यें, आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले. १८९९ मध्यें ते सीनियर रँग्लर झाले, हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच वर्षांत त्यांच्याच कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर एका निराळ्याच उकिरड्यामागें लागले होते. कैरोच्या जुन्या वस्तींत, फुस्तात येथें, यहुदी लोकांचें बेन एझ्रा नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. ज्या कागदावर ईश्वराचें नांव असेल तो फाडूं नये, जाळूं नये, हा यहुदी आचार. म्हणून जीर्ण कागद एका बंद खोलींत टाकीत. तिला ‘जेनिझा’ म्हणतात. आपल्याकडे जीर्ण पोथी नदींत सोडतात, त्यामागची भावना हीच. फरक इतका कीं नदी घेऊन जाते, आणि खोली सांठवून ठेवते. व्यवहारांत त्या खोलींत धर्मग्रंथांबरोबर वाण्यांच्या याद्या, काडीमोडाचे करार, घरगुती पत्रें, सारें कांहीं पडत गेलें. टेलरच्या मदतीनें केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेख्टर डिसेंबर १८९६ मध्यें कैरोला गेले, तेथील धुळींत आठवडेच्या आठवडे काढून प्रकृति बिघडवून घेती झाले, आणि एक लाखाहून कितीतरी अधिक तुकडे घेऊन परतले. आजची मोजदाद सुमारें १,९३,००० आहे. ज्या विद्यापीठाला स्वतःचा खंदक साडेतीनशें वर्षें धुतां आला नाहीं, त्यानें दुसऱ्याचा केर जहाजानें मागविला!

त्या केरांत काय निघालें याचें एक उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्याचें आहे. बाराव्या शतकांत अब्राहाम बेन यिजू नांवाचा ट्युनिसकडील यहुदी व्यापारी मंगळूरला सुमारें १७ वर्षें राहिला. त्याचा तेथें तांब्यापितळेचीं भांडीं करण्याचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याला तांब्याची मोड, जुनीं फुटकीं भांडीं, जहाजानें पाठवीत, आणि त्यांतून नवे दिवे, तबकें, घंगाळीं कोणत्या आकाराचीं करून हवींत तें पत्रांत लिहून कळवीत. पाठराखण म्हणून कागदही पाठवीत, कारण आपल्याकडे तो मिळत नसे. बेन यिजू तो जपून वापरी. आलेल्या पत्राच्या पाठीवर आपलीं टिपणें लिही. पुढें तो इजिप्तला गेला, आणि त्याचीं हीं दोन्ही बाजूंनीं लिहिलेलीं पत्रें जेनिझांत पडलीं. मोडीचा व्यापार, त्याचा पाठपोट वापरलेला कागद, आणि तो कागद जेथें टाकला ती खोली, या तिन्ही गोष्टी मिळून आठशें वर्षांनंतर आपल्याला समजल्या.

शेख्टर १९०२ मध्यें न्यूयॉर्कला गेले. जें मोलाचें वाटलें तें त्यांनीं निवडून लावलें होतें. उरलेले, फार बारीक किंवा फार व्यावहारिक म्हणून बाजूला ठेवलेले हजारों तुकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पेट्यांत तसेच राहिले. जर्मनींत जन्मलेले पंडित श्लोमो गोइटाइन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत त्या पेट्या उघडण्याचा आग्रह धरला. त्यांना हव्या होत्या नेमक्या त्याच वस्तु: दुकानदारांचे हिशेब, उधारीच्या चिठ्ठ्या, भावंडांचीं पत्रें. त्या तुकड्यांना ‘न्यू सीरीज’ हें नांव देऊन त्यांवर क्रमांक घालण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चाललें.