नाळेवरचा दिवा

कयाकमधून फोटो काढणाऱ्या आम्हा मंडळींचा मूळपुरुष शोधायला गेलं, तर हाती लागतो एक शिकारी. जॉर्ज शायरस, तिसरा. जन्म १८५९ चा, पेनसिल्व्हेनियातला; पेशाने वकील, वडील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. त्याची होडी कयाक नव्हती, कनू होती. पण मला तो फरक फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कयाकही इनुइटांनी सील मारण्यासाठीच घडवली. दोन्ही होड्या बुटक्या, बिनआवाजी, सावजाच्या जवळ नेणाऱ्या.

मिशिगनमध्ये सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला व्हाइटफिश नावाचं लहानसं तळं आहे. शायरस पोरवयापासून त्या मुलखात शिकारीला जाई. रात्रीच्या शिकारीची युक्ती तिथल्या ओजिब्वे लोकांची: होडीच्या नाळेवर जाळ पेटवायचा आणि काठाकाठाने गुपचूप सरकायचं. उजेडाकडे बघत हरीण जागीच थबकतं, काळोखात त्याचे डोळे चकाकतात. नेम त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध.

पुढे शायरसने बंदूक खाली ठेवली. युक्ती मात्र सोडली नाही. १८९० च्या दशकात त्याच्या कनूच्या नाळेवर दिवा आणि कॅमेरे असत, मागे वल्हं धरून वाटाड्या जॉन हॅमर. डोळे चकाकले की हॅमर होडी तिकडे वळवी आणि पुरेसं जवळ गेल्यावर शायरस मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवी. डुलत्या होडीत ट्रायपॉड कुचकामी, हे आम्हाला आजही छळतं. त्याला ते फार नडलं नाही, कारण सगळीकडे काळोख आणि उजेड क्षणभराचाच; होडी हलायच्या आत काचेवर चित्र उमटलेलं.

१९०२ मध्ये ओंटारिओतल्या लून सरोवराच्या काठी त्याने टिपलेला लिंक्स मी कितीदा बघत बसतो. जनावर बसलंय आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब. उंच काठावर उभं राहून असा फोटो मिळत नाही. डोळा पाण्याच्या सपाटीला आणावा लागतो. भिगवणला मच्छीमारांच्या होडीत बसून रोहित टिपणारे लोक शेवटी आडवे होतात, ते याचसाठी.

पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात या रात्रचित्रांना पदक मिळालं. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याचे ७४ फोटो एकदम छापले, तेव्हा मंडळावरच्या दोघांनी राजीनामे दिले. भूगोलाच्या मासिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय, ही त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. फक्त ती कुणी ऐकली नाही, हे बरं झालं.

भडक्याने त्या हरणांचं काय होत असेल, हा प्रश्न उरतोच. एका फोटोत तर तीन हरणं दचकून उधळलेली दिसतात. आज कुणी पाणपक्ष्यांवर असा उजेड फेकला तर मीच आधी शिव्या घालीन. शायरसच्या बाजूने एवढं सांगता येईल की अमेरिकी काँग्रेसचा सदस्य असताना, १९०४ मध्ये, स्थलांतरित पक्ष्यांना केंद्र सरकारने संरक्षण द्यावं म्हणून त्याने विधेयक मांडलं. तेव्हा ते पडलं. पण तोच धागा धरून १९१३ चा कायदा आला आणि ब्रिटनशी कॅनडाच्या वतीने करार झाल्यावर १९१८ चा. तो अजून लागू आहे.