गच्ची सगळ्यांची, सवलत कोणाची?

मुंबईच्या उपनगरांत ‘तुमच्याकडे वीज कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर पत्त्यावर ठरते, आणि कधीकधी पत्ताही पुरत नाही. मुलुंड-भांडुपला महावितरणचे बिल येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दारांत एकाकडे अदानीचे, तर दुसऱ्याकडे टाटांचे बिल असू शकते. १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘बीएसईएस’, आधी रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानींकडे. मधल्या काळात, जुलै २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरांत थेट घरगुती ग्राहकांना वीज विकण्याची मुभा दिली आणि पुढच्या वर्षापासून तार तीच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली.

हा पसारा आधी मांडला, कारण छतावरच्या सौर विजेचा हिशेब शेवटी या बिलांशीच येऊन भिडतो. सौर अनुदानाच्या जाहिराती आपण गेली दहा वर्षे वाचतो आहोत. त्यांत नेहमी एक कौलारू किंवा स्लॅबचे सुटे घर, त्याच्यावर निळ्या तावदानांची रांग आणि खाली हसरे कुटुंब असते. उपनगरात असे घर आहे कुठे? बोरिवलीच्या आयसी कॉलनीत किंवा मुलुंडच्या जुन्या गल्ल्यांत काही बंगले उरले आहेत, पण बाकी सारी वस्ती फ्लॅटची, चाळीची आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींची. इथला माणूस भिंतींचा मालक असतो, छताचा नसतो. माझ्या मते उपनगरांतल्या सौर सवलतींचा सगळा इतिहास या एका विसंगतीभोवती फिरतो.

सरकारी सौर सवलतीची पहिली ओळख आपल्याकडे वीज म्हणून झालीच नाही. ती सौरचूल म्हणून झाली. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग निघाला, १९८५ साली ‘मेडा’ स्थापन झाली आणि अनुदानाने मिळणाऱ्या, आरसा लावलेल्या पेट्या मध्यमवर्गीय गच्च्यांवर दिसू लागल्या. सकाळी डाळ-तांदूळ लावून कामावर जायचे ही कल्पना छान होती. पण पेटी उन्हाप्रमाणे फिरवायला घरात कुणीतरी लागायचे, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असायची. किल्लीचा हा प्रश्न पुढे चाळीस वर्षे सुटलेला नाही.

त्या काळात उपनगरांच्या विजेची खरी किंमत दुसरीकडेच मोजली जात होती. बीएसईएसने आपल्या ग्राहकांसाठी डहाणूला ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभारले. ते १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला होता. चिकूच्या वाड्यांवर राख आणि गंधकाचा धूर नको, यासाठी तिथल्या लोकांनी न्यायालयात लढा दिला. १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडले. अंधेरीतल्या दिव्यासाठी डहाणूतल्या बागाईतदाराने काय सोसले, हे अंधेरीच्या बिलात कधीच दिसले नाही.

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झाले, २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉटचे लक्ष्य ठेवून. २०१५ मध्ये ते एकदम एक लाख मेगावॉट झाले आणि त्यातला ४०,००० मेगावॉटचा वाटा छतांवर टाकला गेला. घरे आणि संस्थांना ३० टक्के अनुदान होते. पण त्या वर्षांत सर्वांत मोठी सवलत घेतली ती कंपन्यांनी. सौर यंत्रणेवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून आयकर वाचवता येत असे. मार्च २०१७ नंतर तो ४० टक्क्यांवर आला. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला या तरतुदीचा उपयोग होता. शेजारच्या गृहनिर्माण संस्थेला, जिच्या हिशेबात व्यवसायाचा नफाच नाही, घसाऱ्याचे काय करायचे?

संस्थांसाठी निर्णायक ठरली ती दुसरीच गोष्ट, आणि तिच्यात सरकारचा एक पैसाही नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम काढले. दुपारी छतावर तयार झालेली जादा वीज तारेत सोडायची, संध्याकाळी तेवढीच परत घ्यायची आणि बिल फक्त फरकाचे भरायचे. सोसायटीच्या सामाईक मीटरवर असते काय? लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. लिफ्ट सकाळी आणि संध्याकाळी धावते, दिवे रात्री जळतात, आणि पॅनेल भर दुपारी जोरात असते. नेट मीटरिंग नसते तर ही दुपार वायाच गेली असती.

इथे बिलाचा मुद्दा येतो. सामाईक मीटरला दर घरगुती लागतो, पण टप्पे मीटरमागे असल्यामुळे चाळीस घरांची लिफ्ट ओढणारा मीटर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच वरच्या टप्प्यात पोहोचतो. प्रत्येक वाचलेले युनिट त्या सर्वांत महागड्या टप्प्यातले असते. सगळे आकार धरून तिथला दर दहा रुपयांच्या पुढे जातो. आमच्या सोसायटीच्या सभेत मी फळ्यावर मांडलेला हिशेब असा होता : एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाला सुमारे १,३०० युनिट मिळतात. २० किलोवॅटची यंत्रणा म्हणजे २,००० चौरस फूट आणि २६,००० युनिट. युनिटला दहाच रुपये धरले तरी वर्षाला दोन लाख साठ हजार. आजच्या योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे तीन लाख साठ हजार, एकदाच. सरकारी सवलत दीड वर्षाच्या बचतीइतकीही नाही. पॅनेल पंचवीस वर्षे चालते.

म्हणून मला २०१९ हे वर्ष या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी केंद्राने दुसऱ्या टप्प्याची योजना आणली. तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के, पुढे दहापर्यंत २० टक्के, आणि सोसायट्यांना सरसकट २० टक्के. वर्तमानपत्रांत मथळे झाले ते याचे. त्याच वर्षी नियामक आयोगाच्या मसुद्यात मात्र नेट मीटरिंग दरमहा ३०० युनिटांपुरते ठेवून त्यापुढची वीज स्वस्त दराने विकत घेण्याचा प्रस्ताव होता. तो मंजूर झाला असता तर वर मांडलेला हिशेब कोलमडला असता. ग्राहकांनी आणि सौर व्यावसायिकांनी हरकती घेतल्या, आणि डिसेंबर अखेरीस आलेल्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकले. जाळ्याच्या वापराचा वेगळा आकार राज्यात छतावरची क्षमता ५,००० मेगावॉटवर जाईपर्यंत लावायचा नाही, असेही ठरले. अनुदानाची घोषणा व्यासपीठावरून होते. बचत मात्र अशा रटाळ सुनावण्यांत ठरते.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणून घरामागे कमाल ७८,००० रुपये. सोसायटीला तोच किलोवॅट १८,००० रुपयांचा. यात फसवणूक काही नाही. पण सुट्या घरवाल्याला आणि फ्लॅटवाल्याला सरकार वेगळ्या मापाने मोजते, एवढे खरे. बरे, फ्लॅटवाल्याने स्वतःच्या मीटरसाठी अर्ज केला तर? चाळीस घरांनी तीन-तीन किलोवॅट मागितले की बारा हजार चौरस फूट हवेत. चार हजार फुटांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि पावसाळी शेड वजा करून उरणार किती? एकाच यंत्रणेची वीज अनेक मीटरांत वाटून देणारे ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ हा यावरचा सरळ उपाय. दिल्लीने ती वाट आधी धरली, आणि सूर्यघरच्या मार्गदर्शक सूचनाही तिला अनुदान नाकारत नाहीत.

गच्ची नेमकी कोणाची, हा वाद तर त्याहून जुना. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर अभिहस्तांतरणाची जबाबदारी टाकली. ती इतक्यांनी टाळली की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टखालची पार्किंगची जागा सामाईक आहे, बिल्डरला ती विकता येत नाही, असे बजावले. कागद हाती आलेल्या सोसायट्यांपुढेही आता पुनर्विकास उभा आहे. ‘दोन वर्षांत बिल्डिंग पडणार, कशाला खर्च?’ हे वाक्य मी अशा सभांत इतक्यांदा ऐकले आहे की ते इतिवृत्तात छापूनच ठेवावे. ती दोन वर्षे बहुधा आठ होतात.

एक गैरसमज १२ ऑक्टोबर २०२० रोजी दूर झाला. त्या सकाळी महामुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि लख्ख ऊन असूनही नेट मीटरच्या सौर यंत्रणा बंद पडल्या. तारेवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून जाळे बंद पडले की त्या बंद होतात. बॅटरी नसेल तर छतावरचा सूर्य बिल कमी करतो, अंधार दूर करत नाही.

आणि ज्यांना बिल कमी होण्याची सर्वांत जास्त निकड आहे, ते या हिशेबात अजून आलेलेच नाहीत. घाटकोपर, अंधेरी, कांदिवलीच्या पुनर्वसन इमारतींत सामाईक बिल थकते, मग लिफ्ट बंद राहते, आणि गुडघे दुखणारी आजी सातव्या मजल्यावरून महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. गच्ची तिथेही आहे, सपाट आणि बहुतेक रिकामी. पण अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर खात्यात येते. आधीचे आठ-दहा लाख सोसायटीने उभे करायचे असतात. माझ्या ओळखीच्या अशाच एका इमारतीत गेल्या वर्षी कमिटीने कर्जाची चौकशी केली. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागितले गेले. ते नव्हते. लिफ्ट सध्या सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालते.