ठेवीचं व्याज आणि आशाताईंची पिशवी



मागच्या एका कार्यक्रमात आम्ही बोलता बोलता सांगून गेलो, की मोठ्या धर्मादाय संस्था दवाखान्यांबरोबर संशोधनालाही पैसा देतात. त्यावर पाथर्डी तालुक्यातल्या एका आजींचा निरोप आला. म्हणाल्या, गरिबाला औषध मिळेना, आणि दानाचा पैसा अभ्यासात कशाला घालवता? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचीच गोष्ट.

आधी हा पैसा कसा चालतो ते बघू. आपल्या गटात बचत जमते, ती कर्जानं फिरते. ट्रस्टचं तसं नसतं. कुणीतरी मोठी रक्कम कायमची बाजूला ठेवतो, मुद्दलाला हात लावायचा नाही, दरवर्षी जे उत्पन्न येईल तेवढंच खर्चायचं. मुंबईच्या मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. घरात एवढा पैसा असून उपयोग झाला नाही. त्यांचे पती दोराबजी यांनी १९३२ साली त्यांच्या नावानं ट्रस्ट केला आणि त्याच वर्षी तेही वारले. ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाचातले चार भाग जगात कुठंही या रोगावर चाललेल्या संशोधनाला आणि उरलेला एक भाग आपल्या देशातल्या संशोधनाला, असं ठरलं. नव्वद वर्षं उलटली, त्यातून तरुण संशोधकांना अजून शिष्यवृत्त्या मिळतात.

अशाच एका शिष्यवृत्तीवर आपली एक मराठी मुलगी केंब्रिजला पोचली. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ साली बी.एस्सी. होऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. ती संस्थाही जमशेटजी टाटांच्या दानातूनच उभी राहिलेली. पण तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं, पहिलं वर्ष परीक्षेचं. म्हणजे बघा, दान होतं, इमारत होती, प्रयोगशाळा होती, तरी दार आपोआप उघडलं नाही. पुढं मुंबई विद्यापीठातल्या सर मंगलदास नथुभाई यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीनं त्यांना इंग्लंडला नेलं आणि १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. परत येऊन त्यांनी काय अभ्यासलं? डाळी, कडधान्यं आणि नीरा. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरेनं काय फरक पडतो ते त्यांनी तपासलं. मंगलदास शेठ एकोणिसाव्या शतकातले. आपल्या पैशातून एक बाई गरिबाच्या ताटाचा अभ्यास करील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. राहुरीत जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल १९७० साली जामखेडला आले. सुरुवातीला परदेशातल्या ख्रिस्ती संस्थांच्या दानाचा आधार होता. तेव्हा या भागात हजार बाळं जन्मली तर १७६ बाळं वर्षाच्या आत जात. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. जमलं नाही, परक्या मुलीचं गाव ऐकेना. तेव्हा गावानंच आपली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं, असं ठरलं. त्या बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. पुढं नव्वदच्या दशकात हा आकडा वीस-पंचवीसवर आला.

यात आम्हाला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, सांगू? पहिला बेत फसला, तो त्यांनी मान्य केला आणि बदलला. सरकारी योजनेत असं क्वचित होतं. तिथं ठरलेल्या रकान्यात ठरलेला खर्च दाखवावा लागतो. दानाच्या पैशात चुकून शिकायची मुभा असते, अर्थात देणारा समजूतदार असेल तर. जामखेडचा हा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली पुस्तकात घेतला. सरकारनं आशा नेमल्या २००५ साली.

तिकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक पाऊल पुढं टाकलं. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत गेलं की न्यूमोनिया समजायचा. मग १९९५ पासून ३९ गावांत शिकवलेल्या बाया घरोघर जाऊन नवजात बाळ बघू लागल्या. ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा. पैसा अमेरिकेतल्या फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले.

शेजारच्या ४७ गावांत मात्र हे केलं नव्हतं, तिथं नेहमीचीच सेवा चालू होती. तिथला आकडा साठाच्या आसपासच राहिला. ही तुलना नसती तर फरक कशानं पडला, हे सिद्ध झालं नसतं, आणि देशभर कुणी ऐकलंही नसतं. कळतं आम्हाला. तरी त्या गावांतल्या आया डोळ्यांपुढून जात नाहीत.

२०११ पासून हीच रीत सरकारनं सगळ्या देशात घेतली. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढं बेचाळीसाव्या दिवसापर्यंत पिशवी घेऊन बाळ बघायला येतात, वजनकाटा आणि थर्मामीटर काढतात, ते इथून आलं. आजी, दानाचा पैसा अभ्यासात गेला, तो असा तुमच्या उंबऱ्यात परत आला. त्यातली एक गोष्ट मात्र आम्हाला खुपते. शोधाला परदेशातून पैसा मिळाला, पण योजना सुरू झाली तेव्हा सगळ्या भेटी पूर्ण करणाऱ्या आशाताईंना एका बाळामागं ठरले २५० रुपये. फाउंडेशन काही वर्षं देतं आणि निघून जातं. पुढचं सरकारनं पेलायचं असतं, आणि तिथं हात आखडतो.

हे भाषण छापायला देण्याआधी आम्ही आजींना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आमच्या सुना दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीवर बाळंत होतात. तिथं कोणती आशा येते? ते कुणी मोजलंय का?"