तबकडीवरील पत्ता

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील मजकूर नाहींसा होण्यास तबकडी फुटावीच लागते असें नाहीं. पुष्कळदां मजकूर जागच्या जागीं असतो. हरवतो तो त्याचा पत्ता. या पत्त्याचा इतिहास म्हणजे काटकसरीनें केलेल्या एका हिशेबाचें पुढील पिढीस फेडावें लागलेलें ऋण होय.

१९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली. तींत ५० तबकड्या एका आंसावर फिरत व सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच सलग खांच असते. डिस्कवर मात्र एकांत एक अशीं स्वतंत्र वर्तुळें असतात. म्हणून मजकूर गांठण्यास कितवें वर्तुळ, कोणतें पृष्ठ व वर्तुळाचा कितवा खंड, हें सांगावें लागे. यांनाच सिलिंडर, हेड व सेक्टर म्हणतात.

१९८३ सालीं आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकास १० मेगाबाइटची डिस्क लाभली आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्यें विभागणीचा तक्ता, म्हणजे पार्टिशन टेबल, लिहिण्याची प्रथा पडली. तक्त्याच्या वांट्यास अवघे ६४ बाइट आले: १६ बाइटांच्या चार नोंदी. त्यांत सिलिंडरला १०, हेडला ८ व सेक्टरला ६ बिट दिले गेले. अर्थात् सिलिंडर १०२४ आणि सेक्टर ६३ यांपुढें मोजणी जाईना.

डिस्क संगणकास जोडणाऱ्या ए.टी.ए. पद्धतीचा हिशेब निराळा. तींत हेड १६ च. दोन्ही हिशेबांतील लहान तेवढा आंकडा खरा धरावा लागे, म्हणून सुमारें ५२ कोटी ८५ लक्ष बाइटांवर मर्यादा येऊन पडली. तेव्हां संगणकाचा बायॉस २५५ हेड असल्याची बतावणी करूं लागला व मर्यादा ८.४ गिगाबाइटवर गेली. इकडे बाहेरील मोठ्या वर्तुळांवर आंतल्यांहून अधिक सेक्टर आंखले जाऊं लागल्यानें सारी भूमितीच काल्पनिक झाली होती.

अखेर भूमिति सोडून प्रत्येक सेक्टरला सरळ अनुक्रमांक देण्यांत आला. परंतु येथेंही २८ बिटच योजल्यानें १३७ गिगाबाइटशीं वाट खुंटली. त्यापुढील क्रमांक न समजणाऱ्या कांहीं प्रणालींत आंकडा फिरून आरंभाकडे येई व नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जाई. वर्षांचे हिशेब व पत्रें क्षणांत पुसलीं जात. २००२ सालीं ४८ बिटांची तरतूद झाली. तथापि तक्त्यांतील अनुक्रमांकाची जागा ३२ बिटांचीच असल्यानें २.२ टेराबाइटच्या पलीकडील भाग त्यास दिसेना, आणि २०१० सालीं तर ३ टेराबाइटच्या डिस्क विक्रीस आल्या.

जी.पी.टी. नांवाच्या नव्या तक्त्यांत ६४ बिटांचा क्रमांक, सामान्यतः १२८ नोंदींची जागा व डिस्कच्या शेवटीं दुसरी प्रत अशी व्यवस्था आहे. तरीही पहिल्या सेक्टरमध्यें जुना तक्ता राखून ठेवलेला असतो. त्यांतील एकच नोंद जुन्या प्रणालींस सांगते कीं, ही जागा व्यापलेली आहे. रिकामी समजून येथें कांहीं लिहूं नये.