हंगाम सुरू असताना फुटबॉल संघ आपला बचाव कसा बदलतो?

१५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यातील सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटी एफसीला इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड जिंकायला फक्त बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने सामना २-१ असा जिंकला आणि ४८ गुणांसह शील्ड नेली. मुंबई ४७ गुणांवर थांबली. १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर आयएसएल चषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने मोहन बागानला ३-१ असे हरवले. इतक्या कमी दिवसांत संघ नवा उभा करता येत नाही. मग बदलता काय येते?

बचावाची रचना म्हणजे काय?

बहुतेक संघ मागे चार बचावपटू ठेवतात. मधले दोन सेंटर बॅक आणि कडेचे दोन फुल बॅक. ही फळी मैदानात किती पुढे उभी राहते, हा पहिला निर्णय. फळी पुढे असली की चेंडू लवकर हिसकावता येतो, पण पाठीमागे मोकळी जागा उरते आणि वेगवान फॉरवर्ड तिचा फायदा घेतो. फळी मागे घेतली की ती जागा बंद होते, पण प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी बॉक्सजवळ खेळायला वेळ मिळतो. कबड्डीत चढाईपटू पाहून कोपरे आणि कव्हर आपली जागा ठरवतात, तसाच हा हिशेब आहे.

खेळाडू किंवा प्रशिक्षक बदलला तर?

मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. डिसेंबरमध्ये पीटर क्रॅटकी आले. पाठोपाठ २० डिसेंबरला मोहन बागानविरुद्धच्याच सामन्यात एकूण ७ लाल कार्डे निघाली, त्यातली ४ मुंबईच्या खेळाडूंना. लेफ्ट बॅक आकाश मिश्रा तर सुरुवातीलाच बाहेर गेला. तरीही मुंबईने सामना २-१ असा जिंकला. जानेवारीत मधल्या फळीतला ग्रेग स्टुअर्टही क्लब सोडून गेला.

अशा वेळी सगळी रचना मोडली तर उरलेल्या दहाजणांनाही नवे काम शिकावे लागते. म्हणून रचना शक्यतो तीच ठेवून एखाद-दुसऱ्याची जबाबदारी बदलली जाते. इथे एकाहून अधिक जागी खेळणारा खेळाडू मोलाचा ठरतो. मुंबईचा तेव्हाचा बचावपटू राहुल भेके राइट बॅक आणि सेंटर बॅक अशा दोन्ही जागी खेळू शकत होता.

प्रतिस्पर्धी पाहून काय बदलते?

मुख्यतः तीन गोष्टी: फळीची उंची, चेंडू हिसकावण्यासाठी दबाव कुठून सुरू करायचा आणि कोणत्या कडेला जादा मदत द्यायची. समोर वेगवान विंगर असेल तर त्या बाजूचा फुल बॅक कमी पुढे जातो आणि जवळचा मिडफिल्डर त्याला साथ देतो. उंच स्ट्रायकर असेल तर क्रॉस येण्याआधीच तो अडवण्यावर भर राहतो.

गुणफलकही रचना बदलायला लावतो. २४ एप्रिलच्या उपांत्य सामन्यात एफसी गोवा ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होता. त्यानंतर मुंबईने तीन गोल करून सामना ३-२ असा जिंकला. पिछाडीवरचा संघ बचावातले खेळाडूही पुढे पाठवतो. आघाडीवरचा संघ फार मागे सरकला, तर तो समोरच्याला आपल्याच गोलजवळ बोलावून घेतो.

लहान संघांना याचा उपयोग काय?

सावली, मूल किंवा गडचिरोलीतल्या शाळेच्या संघाकडे व्हिडिओ विश्लेषक नसतो आणि राखीव खेळाडूही मोजके असतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तर एका पराभवाने संघ बाहेर पडतो. तिथे पूर्वार्धातली तीन निरीक्षणे पुरतात: त्यांचा वेगवान खेळाडू कोणत्या कडेला आहे, ते लांब चेंडू टाकतात की छोटे पास देतात आणि आपला कोणता बचावपटू दमला आहे. मध्यांतरात त्यातून एकच बदल निवडावा. तीन सूचना एकदम दिल्या, तर उत्तरार्धात कोणाला कोणती जागा सांभाळायची हेच मुलांना आठवत नाही.