रात्रीचे नागपूर केंद्र

दुर्ग-भिलाईच्या दक्षिणेला उतई नावाचे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत विदर्भातून जी मराठी कुटुंबे या परिसरात आली, त्यांत आमचेही एक होते. घरात आजी, आईबाबा, आम्ही भावंडे आणि एक ट्रान्झिस्टर. त्याचा परवाना टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी नवा करून आणावा लागे. दिवसभर त्यावर रायपूर वाजे. रायपूरचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालेले होते. नागपूर मात्र अंधार पडल्यावाचून नीट लागत नसे. जेवणे आटोपली की बाबा सुई फिरवीत म्हणत, “आई, आता तुझं नागपूर बोलेल बघ.”

हे असे का होई, ते पुढे कळले. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्भारित कणांचे थर आहेत. त्यांतला सर्वांत खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो मैलांवर उतरतात. नागपूर ते दुर्ग हे अंतर आगगाडीने सुमारे २६५ किलोमीटर. या टप्प्यात जमिनीलगत आलेली लहर आणि आकाशातून उतरलेली लहर एकमेकींत मिसळतात. कधी त्या एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. आवाज चढतो, उतरतो, घोगरा होतो, नाहीसा होतो. अशा आवाजात आम्ही भुताखेतांची नभोनाट्ये ऐकली.

त्यांतले एक मला विसरता आलेले नाही. जुना वाडा, परसात विहीर, रात्री रहाट आपोआप फिरू लागतो. घरातली सून दिवा घेऊन बाहेर पडते, विहिरीत डोकावते, आणि नेमका त्याच क्षणी आवाज बुडाला. तो परत आला तेव्हा नाटकातली सकाळ झाली होती. विहिरीत काय होते, हे मला आजतागायत समजलेले नाही. नाटकाचे नाव, लेखक, नट यांपैकी काहीही स्मरणात नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच. पण या निमित्ताने जो इतिहास चाळावा लागला, तो एका विहिरीपुरता राहिला नाही.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, नागपूरचे १६ जुलै १९४८ रोजी. आरंभीची कित्येक वर्षे नभोनाट्य म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगच असे. नटमंडळी ध्वनिक्षेपकाभोवती उभी राहत, बाजूला कोणी नारळाच्या करवंट्यांनी टापा वाजवी, कोणी दाराची कडी वाजवी. अर्ध्या तासाने सारे संपे आणि मागे उरे ती केवळ टंकलिखित संहिता. पुढे ध्वनिफिती आल्या. पण फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. जे तिच्यावर मुद्रित होई ते पुढच्या आठवड्याच्या कामासाठी पुसले जाई. यात दुष्टावा नव्हता, काटकसर होती. १९५४ साली आकाशवाणीत ध्वनिलेखनाचा स्वतंत्र विभाग निघाला, तो प्रामुख्याने भाषणे जपण्यासाठी. नेत्यांचे शब्द राष्ट्राचा ठेवा ठरले. हडळीची किंकाळी ठेवा ठरावी, असे कोणाच्या मनात येणेच शक्य नव्हते.

काही कार्यक्रमांना नशिबाने साथ दिली. पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये वर्षभर चाललेले ‘गीतरामायण’ पुस्तकरूपाने आले, घराघरांत गायिले गेले. मुंबई केंद्राची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका-मालिका श्रोत्यांच्या बोलण्यात मुरली. भयनाट्य बहुधा एकदाच लागे आणि त्याचा खरा जोर त्या एकदाच लागण्यातच असे. वयाची विशीही न गाठलेल्या रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ साली मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. पुढे मराठी गूढकथेचे ते एक प्रमुख लेखक झाले. त्यांच्या कथा आज ग्रंथालयात मिळतात. त्याच काळात कानांवर येऊन गेलेल्या निनावी भयनाट्यांची मात्र साधी यादीही आपल्यापाशी नाही.

इतरत्र काय घडले, ते पाहण्याजोगे आहे. केवळ आवाजासाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ गणले जाते. १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून ते प्रसारित झाले. ते घडते कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतर. पात्रांना जेवढे दिसते तेवढेच श्रोत्याला, म्हणजे काहीच नाही. अमेरिकेत विलिस कूपर यांनी १९३४ साली शिकागोहून ‘लाइट्स आउट’ ही मध्यरात्रीची मालिका सुरू केली. ती पुढे आर्च ओबोलर यांच्याकडे गेली. माणूस आतून बाहेर उलटा होतो, या प्रसंगासाठी तिथे ओला रबरी हातमोजा उलटवीत आणि त्याच वेळी फळांची टोपली चुरडीत! कूपर यांच्या कारकिर्दीतील बहुतेक भाग आज ऐकायला मिळत नाहीत. बी.बी.सी.ची १९४३ सालची ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ ही मालिका युद्धकाळात घरोघर ऐकली गेली. तिचेही मोजकेच भाग उरले आहेत.

सर्वांत बोलकी कथा ‘द विचेस टेल’ या मालिकेची. अलोन्झो डीन कोल यांनी ती १९३१ ते १९३८ या काळात न्यूयॉर्कहून चालवली. आता यांना कोण विचारणार, अशा समजुतीने कोल यांनी १९६१ साली आपल्याजवळच्या तबकड्या स्वतःच्या हातांनी नष्ट केल्या. तरीही मालिका समूळ गेली नाही, कारण तिच्या संहिता ऑस्ट्रेलियात पोहोचल्या होत्या आणि तिथल्या नटांनी त्या नव्याने सादर केल्या होत्या. आज जे भाग ऐकू येतात, त्यांतले पुष्कळसे त्या दूरच्या नटांचे आहेत. मूळ आवाज गेला. नाटक कागदावरून परत आले. आपल्यापुढचा मार्ग मला याच उदाहरणात दिसतो. जुन्या लेखकांच्या घरी, माळ्यावरच्या पेट्यांत, संहितांच्या कार्बन प्रती अद्याप असू शकतात. त्या वाळवीआधी आपल्या हाती लागायला हव्यात.

फीतच सापडली तर प्रश्न निराळे होतात. ॲसिटेटच्या जुन्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते. १९७०च्या दशकातील काही फितींचा लेप हवेतले बाष्प शोषून चिकट होतो. अशी फीत चोपन्न अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास मंद तापवली की तेवढ्यापुरती वाजते. ॲसिटेटच्या फितीला मात्र हा उपाय करू नये. फितीची गती अचूक आहे की नाही, हे ओळखण्यासाठी परदेशी तंत्रज्ञ विजेच्या गुणगुणण्याचा आधार घेतात. ती पन्नास आवर्तनांवर असली की गती बरोबर. आपल्याकडे विजेची आवर्तने स्वतःच खालीवर होत असत, तेव्हा हा मापदंड इथे जपूनच वापरावा. आणखी एक गोष्ट आहे, ती भुताच्या गोष्टीत शोभावी अशी. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीच्या एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग किंकाळीच्या आधी क्षणभर तीच किंकाळी अगदी क्षीण ऐकू येते.

ही पूर्वकिंकाळी पुसावी की ठेवावी? लेखकाने ती लिहिली नव्हती, म्हणून पुसावी, हे मला मान्य आहे. पण न्याय इतका सरळ नेहमीच लागत नाही. भयनाट्याच्या बाबतीत त्याहून अवघड गाठ आशयाची आहे. छत्तीसगढच्या गावांत ‘टोनही’ ठरवून बायकांना छळले गेले, मारले गेले. त्याविरुद्ध राज्याला २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. चेटकिणीचे एखादे जुने नाटक उद्या सापडले, तर उतईत ते करमणूक म्हणूनच ऐकले जाईल, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरीही संहितेला कात्री लावू नये, असेच माझे मत आहे. नाटक जसेच्या तसे जपावे. प्रसारित करताना ते कधीचे, कोणाचे आणि त्या काळी गावात काय चालले होते, हे आधी सांगावे. इथून जवळच्याच राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राहिले. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत, आणि काही काळ नागपूर आकाशवाणीत नोकरी. त्यांनी ओसाड बावडीतला ब्रह्मराक्षस कवितेत आणला, तो कोणा शेजारणीवर आळ घेण्यासाठी नव्हे. ज्ञानाच्या ओझ्याखाली कुढणाऱ्या मनाचे ते रूप होते. भुताला असाही अर्थ देता येतो.

विहिरीचे नाटक मला मिळालेले नाही. मिळाली ती आमच्याच घरातली एक कॅसेट, ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. नाटक दुसरेच आहे. सुरुवात नाही, शेवटही नाही, मधली अकरा मिनिटे. आवाज नेहमीप्रमाणे बुडतो आणि वर येतो. एके ठिकाणी पावले जिना चढत असताना आजी स्पष्ट म्हणते, “दार लावून घ्या रे.” गोंगाट काढणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीने हे वाक्य गोंगाटातच मोजले. मी दोन प्रती करून घेतल्या आहेत. एकीत केवळ नाटक आहे. दुसरीला हात लावलेला नाही, आणि घरी कोणी ऐकायला मागितले तर हीच लावली जाते.