एका प्रेमगीताचें भाग्य

प्रेमगीतांचें आयुष्य बहुधा थोडें असतें. ज्या पिढीच्या तारुण्यांत तीं जन्माला येतात, त्या पिढीचे केस पिकूं लागले कीं तींही मागें पडतात. कारण पुढच्या पिढीला आपलें प्रेम आपल्याच शब्दांत सांगावयाचें असतें. फ्रेंच भाषेंतील ‘ल तां दे सरीझ’, म्हणजे ‘चेरीचे दिवस’, हें गीत मात्र या नियमाला अपवाद ठरलें आहे. तें १८६६ सालीं लिहिलें गेलें, आणि दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी अजून फ्रान्समध्यें गाइलें जातें. तें गीत गोड आहे, एवढ्यानें या दीर्घायुष्याचा उलगडा होत नाहीं. तितकीं गोड गीतें त्या काळांत पुष्कळ झालीं आणि विसरलीं गेलीं. या गीताच्या वांट्याला कांहीं निराळें भाग्य आलें. तें कोणतें, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम गीताचा आशय लक्षांत घेऊं. कडवीं अवघीं चार आहेत. पहिल्यांत चेरी पिकण्याच्या दिवसांची आनंदानें केलेली प्रतीक्षा आहे; बुलबुल आणि चेष्टेखोर कस्तुर पक्षी गाऊं लागतील, तरुणींना वेड लागेल आणि प्रियकरांच्या हृदयांत ऊन पडेल, असें कवि म्हणतो. दुसऱ्यांत हे दिवस किती अल्प असतात याची जाणीव आहे. प्रेमी युगुलें चेरीच्या जोडफळांचे डूल खुडावयास जातात, पण तींच तांबडीं फळें पानांआडून रक्ताच्या थेंबांसारखीं गळतांना कवीला दिसतात. तिसऱ्यांत प्रेमाच्या दुःखाला भिणारांनीं सुंदर मुलींपासून दूर राहावें असा सल्ला आहे. स्वतः कवि मात्र त्या दुःखाला भीत नाहीं. चौथ्या कडव्यांत तो सांगतो कीं, त्या दिवसांवर आपलें प्रेम अखेरपर्यंत राहील, आणि त्यांनीं हृदयांत ठेवलेली जखमही उघडीच राहील. आपल्याकडील रसिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर मीलनाच्या आशेनें आरंभ झालेला हा शृंगार विप्रलंभांत विराम पावतो. त्यांत राजा नाहीं, प्रजा नाहीं, ध्वज नाहीं कीं रणवाद्य नाहीं.

गीताचा कर्ता झां-बाप्तिस्त क्लेमां हा १८३६ सालीं पॅरिसच्या शेजारच्या बूलोन गांवीं एका सधन गिरणीवाल्याच्या घरीं जन्मला. पोरवयांतच घर सोडून त्यानें तांब्याच्या कामावर मजुरी केली, पुढें गीतें लिहिलीं आणि वृत्तपत्रांतून तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीवर टीका करून कारावासही भोगला. ‘चेरीचे दिवस’ या गीताला १८६८ सालीं आंत्वान रनार या ऑपेरांतील गायकानें चाल दिली. क्लेमांनें थंडीच्या दिवसांत एका उबदार कोटाच्या मोबदल्यांत या गीताचे हक्क रनारला देऊन टाकले अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो. त्या संथ, किंचित् उदास चालीमुळें गीत लोकांच्या ओठीं बसलें, यांत संशय नाहीं.

यानंतर इतिहासानें या गीतांत हात घातला. १८७० सालीं प्रशियाशीं झालेल्या युद्धांत फ्रान्सचा पराभव झाला. वेढ्यांत सांपडलेल्या पॅरिसनें हिंवाळाभर उपासमार सोसली. तह झाल्यावर १८ मार्च १८७१ रोजीं सरकारनें मोंमार्त्र टेकडीवरील तोफा काढून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां नगर पेटून उठलें. सरकार व्हर्सायला निघून गेलें आणि पॅरिसनें निवडणूक घेऊन आपला स्वतःचा कारभार सुरू केला. हाच तो प्रसिद्ध ‘पॅरिस कम्यून’. क्लेमां मोंमार्त्रच्या विभागांतून त्याचा सभासद निवडून आला. हा कारभार ७२ दिवस टिकला. २१ मे रोजीं व्हर्सायचें सैन्य नगरांत शिरलें आणि पुढील आठवडाभर गल्लोगल्लीं कत्तल चालली. मृतांची संख्या कोणी सहा-सात हजार धरतात, तर कोणी वीस हजारांपर्यंत नेतात. त्या आठवड्याच्या अखेरीस पेर-लाशेझ दफनभूमीच्या भिंतीशीं १४७ जणांना उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या.

हा सगळा प्रकार घडला तो मेच्या शेवटीं, म्हणजे चेरी पिकूं लागण्याच्या ऐन दिवसांत.

रविवार, २८ मे रोजीं फोंतेन-ओ-र्‍वा नांवाच्या रस्त्यावर अगदीं अखेरच्या मोर्चेबंद्यांपैकीं एक उभी होती. क्लेमां तेथें होता. हातांत टोपली घेतलेली एक विशीबाविशीची मुलगी तेथें आली. शेजारच्या रस्त्यावरील मोर्चा पडला होता, आणि येथें आपला कांहीं उपयोग होईल म्हणून ती आली होती. मंडळींनीं तिला परत जावयास विनविलें. ती गेली नाहीं. थोड्याच वेळांत माणसें पडूं लागलीं आणि ती जखमींची शुश्रूषा करूं लागली. तिचें नांव लुईझ, आणि ती कामकरी वर्गांतली, एवढेंच क्लेमांला कळलें. पुढें तिचें काय झालें, इतरांबरोबर तीही गोळीला बळी पडली कीं काय, हें त्याला कधींच समजलें नाहीं. ही लुईझ म्हणजे कम्यूनची प्रख्यात वीरांगना लुईझ मिशेल, असा कित्येकांचा समज आहे, पण तो टिकण्यासारखा नाहीं. मिशेल तेव्हां चाळिशीची होती, सर्वांच्या परिचयाची होती, आणि आईच्या सुटकेसाठीं चार दिवस आधींच शत्रूच्या स्वाधीन झाली होती.

क्लेमां कांहीं काळ लपून राहिला आणि मग लंडनला निसटला. त्याच्या पश्चात् त्याला मृत्युदंड फर्मावण्यांत आला. १८८० च्या सर्वक्षमेनंतर तो मायदेशीं परतला. १८८५ सालीं त्याचा गीतसंग्रह निघाला, तेव्हां त्यानें हें एकोणीस वर्षांपूर्वींचें प्रेमगीत त्या अनोळखी लुईझला अर्पण केलें. त्याचें कारणही त्यानें मोठें मार्मिक दिलें आहे: हें गीत रस्तोरस्तीं फिरलें, आणि जेव्हां रस्त्यावर फिरण्यास मोठें धैर्य लागत होतें तेव्हां तीही रस्तोरस्तीं फिरली, म्हणून तें तिचें.

या अर्पणानें गीतांतला एक शब्दही बदलला नाहीं, पण गीत बदललें. गळणारे रक्ताचे थेंब, अल्पकाळ टिकलेला आनंद, कधीं न भरणारी जखम, हीं सारीं त्यांत पहिल्यापासूनच होतीं; आतां त्यांना दुसरा ध्वनि लाभला. हें गीत कम्यूनच्या रणधुमाळींतच रचलें गेलें, असें अजूनही पुष्कळांना वाटतें. तारखा पाहतां तें चूक आहे. पण लोकांनीं ही चूक करावी हेंच या गीताच्या दुसऱ्या जन्माचें प्रमाण होय.

येथें एक आक्षेप संभवतो. कवीच्या मनांत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादणें योग्य आहे काय? आम्हांला वाटतें, हा अर्थ लादलेला नाहीं. काळानें तो आणून दिला आणि खुद्द कवीनें तो स्वीकारला. शिवाय क्लेमांनें कम्यूनवर स्वतंत्र गीत लिहिलें नाहीं असेंही नाहीं. १८७१ मध्येंच, लपून बसला असतां, त्यानें ‘रक्तरंजित आठवडा’ हें गीत रचलें. त्यांत कत्तलीचें वर्णन आहे, संताप आहे आणि हे वाईट दिवस संपतील असा इशाराही आहे. तें प्रामाणिक आहे, जोरदार आहे. परंतु तें गातो तो मुख्यतः त्या पक्षाचा अनुयायी. उलट, ज्या गीतांत कम्यूनचें नांवही नाहीं तें सर्वांच्या ओठीं गेलें. संताप समजण्यास त्याचें कारण ठाऊक असावें लागतें. गेलेल्या वसंताचें दुःख समजण्यास तो एकदां भोगलेला असला म्हणजे पुरे.

विसाव्या शतकांत ईव्ह मोंतांसारख्या नामवंत गायकांनीं हें गीत ध्वनिमुद्रित केलें. १९९२ सालीं हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या ‘पोर्को रोस्सो’ या चित्रपटांत एड्रियाटिकच्या कांठीं राहणारी त्याची नायिका तेंच गातांना दिसते. जानेवारी १९९६ मध्यें माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ निवर्तले, तेव्हां पॅरिसच्या बास्तीय चौकांत जमलेल्या जनसमुदायापुढें बार्बरा हेंड्रिक्स या गायिकेनें तें गाइलें. ज्या देशांत या गीताच्या कर्त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती, तेथेंच तें राष्ट्राच्या शोकाचें गीत झालें.

या सन्मानाबरोबर एक भयही आहे, तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. गोड स्वरांत कटु इतिहास विरघळून जातो. ज्यांना त्या भिंतीशीं मारलेल्यांविषयीं कांहींच ठाऊक नाहीं, किंबहुना ज्यांना त्यांचा कळवळाही नाहीं, तेही हें गीत डोळे मिटून ऐकूं शकतात. मृतांचें हें स्मरण कीं विस्मरण?

परंतु शेवटच्या कडव्याकडे पाहिलें म्हणजे हें भय कमी होतें. त्या कडव्यांत कवि सांत्वन मागत नाहीं. खुद्द भाग्यदेवता समोर आली तरी आपली वेदना शमणार नाहीं, असें तो सांगतो. जखम उघडी ठेवणें हीच त्याची निष्ठा आहे. क्लेमांनें पुढाऱ्यांचीं नांवें वगळून आपलें सर्वांत प्रिय गीत टोपली घेऊन आलेल्या एका मुलीला दिलें, तेंही याच निष्ठेनें. तिचें आडनांव इतिहासाला ठाऊक नाहीं, कोणत्या दगडावर तें कोरलेलें नाहीं. क्लेमां १९०३ सालीं वारला आणि पेर-लाशेझ येथेंच त्याला मूठमाती मिळाली. लुईझची समाधि मात्र कोठेंच नाहीं. जी कांहीं आहे ती या चार कडव्यांत आहे, आणि दर वर्षीं मेअखेरीस चेरी तांबड्या होऊं लागल्या कीं कोणीतरी तें गीत पुन्हां गातें.